एका पुडीला शाई भरताना

तबल्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्याच्या झाकणावर, मध्ये जो काळा गोल असतो ती शाई. ती उडायला लागली की तबला आधी स्वर सोडतो, मग आवाज सोडतो. माझ्या दायाचं, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याचं, हेच झालं. गेल्या पावसाळ्यात शाईच्या कडेची एक खपली निघाली आणि त्यानंतर 'तीं' हा बोल वाजवला की मागून बारीक खरखर ऐकू यायला लागली. मी ज्यांच्या साथीला बसते त्या गायिका ताईंची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा षड्ज हार्मोनियमच्या सप्तकातल्या चौथ्या काळीवर. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर, हातोडी मारून त्याचं एक घर, म्हणजे एक भाग, काळी चारला आणावं तर समोरचं घर चढलेलं, ते उतरवावं तर पहिलं बसलेलं. खटपट करून सुरात मिळवलेला तबला एका बंदिशीपुरताही टिकेना. मध्ये ऑनलाइन मागवलेली एक तयार पुडी चढवून पाहिली. दिसायला देखणी, शाई चकचकीत, पण स्वराच्या नावाने शून्य. नुसती टकटक. तेव्हा ठरवलं की पुडी हातानेच करून घ्यायची आणि ती होत असताना शेजारी बसून बघायची.

बघायचं होतं त्याला आणखी एक कारण होतं. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ताणलेली तार तिच्या मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत कंप पावते आणि म्हणून तानपुऱ्यातून आपल्याला स्वर ऐकू येतो, हे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. आणि दर वर्षी ढोल-ताशा पथकातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "मॅडम, मग ताशाला सूर का नाही?" त्याचं उत्तर सोपं आहे. गोल ताणलेल्या पडद्याची कंपनं अशी पटींत नसतात. पहिल्या कंपनाची वारंवारता 1 धरली तर पुढची येतात 1.59, 2.14, 2.30 अशी आडनिडी. कानाला त्यातून एक स्वर बांधता येत नाही, आघात तेवढा ऐकू येतो. पण त्याच्या पुढचा प्रश्न खरा मोलाचा आहे: मग तबल्याला सूर का आहे? तोही गोल पडदाच. "शाईमुळे" हे एका शब्दातलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. शाई नेमकं काय करते ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

तबला बांधणाऱ्या मामांचं दुकान पुण्यातल्या एका पेठेत, रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली. माणसं मूळची मिरजेकडची. वडील, आजोबा चर्मवाद्यंच करायचे. दारात टांगलेली पखवाजाची खोडं, भिंतीला लावलेली डग्ग्यांची, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्यांची, तांब्याची भांडी, कोपऱ्यात बादलीत भिजत घातलेलं कातडं आणि त्याचा तो वास. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो नकोसा होतो, पण थोड्या वेळाने नाक त्याला सरावतं. मी बसू का विचारलं तर मामा म्हणाले, "बसा की ताई. फक्त मध्ये बोलू नका. मी कानाने काम करतो."

मला वाटलं होतं सुरुवात कातड्यापासून होईल. मामांनी जुनी पुडी उतरवली, वाद्या, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या कातड्याच्या पट्ट्या, बाजूला गुंडाळून ठेवल्या आणि नुसतं खोड, म्हणजे तबल्याचं लाकडी अंग, हातात घेतलं. ते जमिनीवर बसवलेल्या सपाट फरशीवर पालथं घातलं आणि स्वतः खाली वाकून काठाच्या खालून पाहू लागले. मलाही वाकायला सांगितलं. पलीकडच्या बल्बचा उजेड काठाखालून एका जागी केसभर आत येत होता. "हे बघा तुमचं चढलेलं घर," मामा म्हणाले. काठ तिथे खोलगट झाला होता. तबला पडला असेल, किंवा वर्षानुवर्षं एकाच बाजूला हातोडी जास्त बसली असेल. पॉलिश पेपर फरशीवर पसरून त्यावर खोड गोल गोल फिरवत त्यांनी काठ घासून काढला, मग आतली-बाहेरची धार हाताने किंचित गोलसर केली. धार राहिली तर कातडं तिथेच कापलं जातं. उजेड दिसायचा पूर्ण बंद झाल्यावरच खोड बाजूला ठेवलं.

खोड शिसवीचं आहे. बाभळीचं, खैराचंही करतात. यात एक गोष्ट बहुतेक ऐकणाऱ्यांना माहीत नसते. दायाचं खोड आरपार पोकळ नसतं. वरून काही खोलीपर्यंत कोरलेलं असतं आणि खाली भरीव लाकूड तसंच ठेवलेलं असतं. उचलून बघितलं तर त्या मानाने वजन बरंच लागतं. ते वजन मुद्दाम ठेवलेलं. हलकं खोड कातड्याबरोबर स्वतःही थरथरतं आणि आवाज खाऊन टाकतं. जड खोड जागचं हलत नाही, त्यामुळे थापेची ताकद कातड्यातच राहते आणि आस, म्हणजे आवाजाची मागे रेंगाळणारी गुंज, लांबते. तोंडाचा व्यासही पट्टीप्रमाणे ठरतो. माझ्या काळी चारच्या खोडाचं तोंड सहा इंचांच्या आसपास आहे. काळी एकचं त्याहून बरंच लहान, पाच-सव्वापाच इंचांचं.

मग कातडं. ते बकऱ्याचं असतं आणि चप्पल-पिशवीच्या कातड्यासारखं कमावलेलं नसतं. केस काढून, साफ करून, ताणून वाळवलेलं कच्चं कातडं. कमावलं की ते मऊ पडतं आणि ताण धरत नाही. मामा एकेक तुकडा खिडकीकडे धरून उजेडात पाहत होते. पाठीच्या कण्याची रेष कुठून जाते, कुठे जाड, कुठे पातळ, कुठे गोचिडीचा किंवा जखमेचा डाग. डाग असलेला भाग बाजूला. "डागावर शाई बसते, पण स्वर बसत नाही." निवडलेला भाग पाण्यात भिजवून मऊ केला आणि त्यातून तोंडापेक्षा मोठी वर्तुळं कापली. एक मुख्य पातळ कातडं, ज्यावर शाई येते. त्याच्यावरचं दुसरं, ज्याचा मधला भाग नंतर कापून टाकतात आणि काठाची जी पट्टी उरते ती चाट. खालून तिसरं, भरतीचं, तेही मधून कापलेलं, काठापुरतंच. म्हणजे आपल्याला एकच पडदा दिसतो, पण काठाशी कातडी तीन असतात. चाट आणि शाई यांच्या मधला जो उघडा पट्टा दिसतो तो मैदान, कोणी त्याला लव म्हणतात.

ही तीन कातडी ओली असतानाच खोडावर ताणायची आणि कातड्याच्याच पट्ट्यांनी कडेने गजरा विणायचा. वीण बघताना मला दिसली, पण समजली नाही. मामांची बोटं इतकी सरावाने चालत होती की एक पट्टी कुठून आत गेली आणि कुठून बाहेर आली हे डोळ्याने धरता येईना. गजऱ्याची 16 घरं. त्यांतून म्हशीच्या कातड्याची लांब वादी ओवून खालच्या कड्यात अडकवत पूर्ण फेरा घालतात. वादी ओढायची म्हणजे अंगाची ताकद. मामा खोड दोन्ही पायांनी दाबून धरतात, पक्कडीने वादी पकडतात आणि पाठ मागे टाकून खेचतात. एक फेरा झाला की पुन्हा पहिल्या घरापासून, कारण शेवटचं घर ओढेपर्यंत पहिलं सैल झालेलं असतं. त्यानंतर वाद्यांखाली 8 लाकडी गट्टे सरकवायचे. गट्टा खाली ठोकला की वादी ताणली जाते आणि स्वर चढतो, वर सरकवला की उतरतो. एवढं झाल्यावर पुडी वाळायला ठेवली. सावलीत. "उन्हात वाळलेलं कातडं कडक होतं, त्याला बोलता येत नाही."

वाळल्यावर मामांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "आता वाजवा." शाई नसलेल्या कोऱ्या पुडीवर मी 'ना' वाजवला. टण. पुन्हा वाजवला. टण. चाटेवर, मैदानावर, मध्यावर, कुठेही बोट मारलं तरी एकच उथळ, कोरडा आवाज. कातडं उत्तम, गजरा घट्ट, खोड जड, काठ सपाट, आणि तरी त्यात स्वर म्हणावा असं काही नव्हतं. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचा ताशा माझ्या मांडीवर होता. 1.59 आणि 2.14 हे आकडे मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील, पण ते इतके स्पष्ट ऐकले ते त्या दिवशी.

शाईचं काम मामा सकाळी करतात, रहदारी वाढायच्या आधी. कारण विचारलं नाही, कारण त्यांनीच आधी सांगितलं होतं की काम कानाने चालतं. पुडीवर आधी शाईच्या व्यासाचं वर्तुळ आखून घेतलं. तेवढा भाग हलक्या हाताने खरवडला, म्हणजे पकड येते, आणि त्यावर शिजवलेल्या पिठाची खळ बोटाने चोळली. मग मसाला. लोखंडाची अगदी बारीक काळी भुकटी, ती खळीत मळून केलेला लगदा. भाकरीच्या पिठासारखा तळहातावर मळत मळत तो लोण्याइतका मऊ करतात. त्यातला थोडासा अंगठ्याने आखलेल्या वर्तुळावर पसरला. थर इतका पातळ की खालचं कातडं अजून जाणवावं.

मग दगड. काळा, तळहातात मावेल एवढा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. थर अर्धवट वाळला की त्यावर हा दगड घोटायचा. मला वाटलं होतं घोटण्याने शाई गुळगुळीत होत असेल. मामांनी मला डोळे जवळ नेऊन बघायला सांगितलं. दगड फिरत होता तसतशा त्या थरात केसाहून बारीक भेगा पडत होत्या. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाशी पडतात तशाच, पण इतक्या लहान की उजेड तिरका धरल्याशिवाय दिसू नयेत. घोटताना भुकटीसारखी जी धूळ वर येते ती पुसून घ्यायची, पुन्हा घोटायचं. थर पक्का झाला की दुसरा थर, पुन्हा दगड. सुरुवातीचे थर पूर्ण वर्तुळभर, पुढचे मधल्या भागात, त्यापुढचे आणखी आत. बाहेरून आत येत येत शाई मध्यावर जाड आणि कडेला पातळ होत जाते. पूर्ण झालेल्या शाईवरून बोट फिरवलं तर हा उतार लगेच जाणवतो.

मामांनी एका थराला दगड माझ्या हातात दिला. दाब किती, गती किती, हे सांगून कळणारं नाही, पण मनगटाला लगेच कळलं की दगडाचा आवाजही बदलतो. थर ओलसर असताना दगड गप्प असतो. वाळत आला की खसखस सुरू होते, आणि थर बसला की एक बारीक, वरच्या पट्टीतला आवाज निघतो. मामा माझ्याकडे पाहतही नव्हते, हातातल्या दुसऱ्या खोडाला वादी लावत होते. आवाज बदलला तसे म्हणाले, "बास. आता पुढचा."

या भेगा म्हणजे शाईचा प्राण आहे. माझ्या मते पुडीच्या सगळ्या कामात सर्वांत कौतुक करण्यासारखी गोष्ट हीच. लोखंडाचा मसाला जर एकसंध वडीसारखा कातड्यावर बसला असता तर तेवढा भाग ताठ झाला असता, वाकला नसता आणि हललाही नसता. भेगा पडल्यामुळे शाईचे असंख्य बारीक कण होतात. प्रत्येक कण खाली कातड्याला चिकटलेला, पण शेजारच्या कणापासून सुटा. त्यामुळे कातड्यावर वजन येतं आणि त्याची लवचीकता मात्र जात नाही. वजन वाढवायचं आणि कडकपणा वाढवायचा नाही, ही अवघड मागणी एका दगडाने पुरी केली आहे. माझी जुनी शाई खरखरत होती कारण काही कण कातड्यावरून सुटले होते आणि जागच्या जागी नाचत होते. आणि ती ऑनलाइन आलेली चकचकीत पुडी? तिच्यावर मी भिंग धरून पाहिलं. शाई एका थरात थापलेली, कडेपर्यंत सारखी जाड, भेगा जवळपास नाहीत.

आता ते वजन काय करतं ते सांगते, कारण इथे मला खरा आनंद झाला. पडदा अनेक प्रकारे हलू शकतो. पहिल्या प्रकारात तो सगळा एकदम वर आणि एकदम खाली होतो आणि मध्यबिंदू सर्वांत जास्त हलतो. दुसऱ्या प्रकारात अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला अर्धा खाली जातो आणि मधून जाणारी एक सरळ रेषा स्थिर राहते. कोऱ्या पडद्यावर या दोघांचं प्रमाण 1 आणि 1.59. आता मध्यावर वजन ठेवा. पहिल्या प्रकारात मध्यच सर्वांत जास्त हलत असल्यामुळे वजनाचा पूर्ण भार त्याच्यावर पडतो आणि तो बराच मंदावतो. दुसऱ्यात मध्यावर स्थिर रेषा आहे, वजन हलतच नाही तिथे, म्हणून तो कमी मंदावतो. पहिला जास्त खाली आला आणि दुसरा थोडाच, म्हणजे दोघांतलं अंतर वाढलं. 1.59 सरकत सरकत 2 च्या जवळ जातं. पुढच्या कंपनांचंही असंच. शाई किती रुंद, मध्यावर किती जाड, कडेला किती पातळ, यावर प्रत्येक कंपनाच्या वाट्याला किती भार येणार हे ठरतं. थर आत आत घेत जाण्याचं कारण हे. आडनिडे आकडे एकेक करून 2, 3, 4, 5 या पटींवर आणून बसवले जातात.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे प्रयोगाने दाखवलं. 1920 मध्ये कोलकात्यात असताना त्यांनी सहकाऱ्याबरोबर 'नेचर'मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं, आणि नोबेल मिळाल्यावर 1934 मध्ये बंगळूरहून त्याच विषयावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. मृदंगम आणि तबल्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी स्थिर रेषा उघड्या केल्या. त्यांना आढळलं की पहिली नऊ कंपनं मिळून पाचच स्वरपटी तयार होतात: पहिल्या पटीत एक, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात दोन आणि पाचव्यात तीन. वेगवेगळी कंपनं एकाच स्वरावर आणून एकत्र ठेवलेली. 1954 मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी दोन घनतांचा पडदा कल्पून त्याचं गणितही मांडलं. हे सगळं मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाळू कुठली वापरली त्यांनी?"

त्या प्रश्नावरून आम्ही तो प्रयोग दुकानातच केला. शेजारच्या बांधकामावरची वाळू धुऊन, वाळवून, मलमलीच्या फडक्यातून गाळून घेतली. शाई पूर्ण झालेल्या पुडीवर चिमूटभर पसरली. मी अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकवली आणि तर्जनीने चाटेवर एकामागून एक 'ना' वाजवत राहिले. वाळूचे कण उड्या मारत सरकायला लागले. मैदानावर माझ्या अनामिकेपाशी ते जमू लागले आणि बरोबर समोरच्या बाजूलाही. दोन्हींच्या मधून शाई ओलांडून जाणारी वाकडी का होईना, पण रेष दिसली. अनामिका तिथे कशाला ठेवायची, हे मला लहानपणी गुरुजींनी हात धरून शिकवलं होतं. तिथे बोट ठेवल्याने मूळचं, सगळा पडदा हलवणारं कंपन दबतं आणि वरच्या पटींना मोकळी वाट मिळते. रेष बोटाच्या जागेवरूनच जाते, म्हणून बोटाचा त्या कंपनांना अडथळा होत नाही. मामा वाळूकडे बराच वेळ बघत होते. मग फुंकर मारून त्यांनी ती उडवली आणि शाईच्या एका बाजूवर पुन्हा दगड धरला. त्यांना रेषेचा वाकडेपणा खटकला होता.

शाई तपासण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी 'थुं': बोट मारून हात पूर्ण उचललेला, सगळी पुडी मोकळी. मग मैदानावर 'तीं'. मग चाटेवर 'ना'. हे तिन्ही प्रत्येक घरात, समोरासमोरच्या जोड्या घेत. 'थुं'मध्ये मूळ कंपन पुढे येतं, 'तीं' आणि 'ना'मध्ये ते मागे हटून वरच्या पटी पुढे येतात. म्हणजे रामन यांनी वाळूने जे सुटं करून पाहिलं तेच मामा तीन बोलांनी सुटं करून ऐकतात. एका जागी 'तीं' आणि 'ना' यांच्यात तफावत आली की तिथे दगडाचे दोन हात. कधी नुसती शाईची कड कोरायची. कधी एक थर कमी पडला म्हणून चिमूटभर मसाला. मला बऱ्याच वेळा फरक ऐकू आला नाही. मामांना आला होता, आणि दगड फिरल्यावर 'ना'ची आस लांबली तेव्हा मलाही आला.

डग्ग्याचं काम मी यावेळी दुरूनच बघितलं, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं. भांडं तांब्याचं, तोंड दायाच्या दीडपटीहून मोठं, शाई मात्र मध्यावर नसून एका बाजूला. समोर राहिलेल्या मोठ्या मैदानावर मनगट टेकतं. मनगटाचा दाब वाढवला, सरकवला की कातड्याचा ताण बदलतो आणि स्वर खालून वर ओढला जातो. घुमारा आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यातून येतात. पखवाजाला तर डाव्या बाजूला कायमची शाईच नसते. वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. कल्पना तीच, वजन तेवढं ताजं. आषाढीच्या आधी मामांच्या दुकानात पखवाजच पखवाज असतात, दिंडीत निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यायला आलेले. वारी नेमकी पावसात, कातडं ओलावा धरून उतरणार, आणि तरी भजनाला पखवाज चढाच पाहिजे. त्या दिवसांत मामा तबल्याचं काम घेत नाहीत.

हल्ली नट-बोल्टचे तबले आणि पखवाज मिळतात, पान्याने मिळवता येतात. कृत्रिम पडद्याच्या पुड्याही निघाल्या आहेत, पावसात उतरत नाहीत. प्रवासाला, शाळेत, रोज उचलाउचल असेल तिथे त्या सोयीच्या आहेत आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण वादी जाते तेव्हा वादी ओढणारा हात जातो, आणि शाई घोटणारे हात आधीच कमी होत चालले आहेत. मामांचा मुलगा दुकानात येतो, विक्री बघतो, शाईला बसत नाही. या कामाला कातड्याचा वास आहे आणि त्या वासामुळे समाजाने या माणसांना पिढ्यानपिढ्या अंगणाबाहेर ठेवलं, हे मान्य केल्याशिवाय तबल्याच्या गोडव्याबद्दल बोलणं मला अर्धवट वाटतं. गंधर्व नाटक मंडळीत तबलावादक अहमदजान थिरकवाँ साथीला होते हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या जोडीला शाई कोणी भरली हे मी कधी कुठे वाचलेलं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. चर्मवाद्यं करणाऱ्यांची नावंही अशीच नोंदली जायला हवीत. कार्यक्रमाच्या पत्रिकेत ध्वनिव्यवस्था कोणाची ते छापतात. त्याखाली "तबला बांधणी" अशी एक ओळ छापायला काही खर्च येत नाही. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या पत्रिकेत ती ओळ घालायचं मी मामांना विचारून ठरवलं आहे.

नवी पुडी घरी आणल्यावर पहिले काही आठवडे ती रोज उतरत होती. हे व्हायचंच. कातडं ताणाला सरावतं, गजरा बसतो, वाद्या लांबतात. रियाजाच्या आधी गट्टे थोडे ठोकून काळी चारच्या जवळ आणायची, मग गजऱ्यावर हातोडीने एकेक घर, नेहमी समोरासमोरच्या जोडीने. वाजवून झालं की गवसणी घालून ठेवायची, पंख्याखाली नाही आणि ओल्या भिंतीशीही नाही. घामेजल्या हाताने शाईला स्पर्श नको, कारण खळ पिठाची आहे, ओलावा लागला की मऊ पडते आणि कण सुटतात. एवढं पाळलं की पुडी बसली. आता 'ना' वाजवला की आस तानपुऱ्याच्या षड्जात मिसळून जाते, आणि ताईंनी परवा गाताना मागे वळून न पाहता नुसती मान हलवली.

वर्गासाठी मामांकडून मी आणखी एक काम करून घेतलंय. एकाच मापाची दोन खोडं, एकावर शाईची पुडी आणि एकावर कोरी. मुलं दोन्ही वाजवून ऐकतात, मग वाळू टाकतात, मग फोनच्या माइकवर कंपनांचा आलेख काढतात. कोऱ्या पुडीच्या आलेखातली शिखरं कुठेही उगवलेली, शाईच्या पुडीची जवळपास सारख्या अंतरावर. पथकातल्या मुलाने या वर्षीही तोच प्रश्न विचारला. मी दोन्ही त्याच्यासमोर ठेवून दिले. माझ्या डग्ग्याची शाईही आता कडेने सुटायला लागली आहे. ती दिवाळीनंतर, हवेतला ओलावा गेला की भरू, असं मामांनी सांगितलंय.